रविवारची आत्मटीका

मार्चमध्ये एका सकाळी बाबांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि म्हणाले, मला बेसिंगस्टोकला ने. मी म्हटलं, तिथे बिझनेस पार्क सोडून आहे काय बघायला? अगदी साळसूदपणे विचारलं, पण कशाला ते मला पक्कं ठाऊक होतं. बेसिंगस्टोकला त्यांचे एकेकाळचे जिवलग मित्र राहतात, मुलाकडे. मी त्यांना काका म्हणते. बाबा आणि काका चाळीसहून जास्त वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. आणि ते भांडण माझ्या तोंडामुळे झालं होतं, मी नऊ वर्षांची असताना.

बाबा आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत. हृदय थकलंय, पायांवर सूज असते, आणि डॉक्टरीणबाईंनी मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन काय सांगितलं ते मी त्यांना सांगितलेलं नाही. मला एवढंच कळत होतं, की हे दोघं एकदा समोरासमोर बसले पाहिजेत. एक गेल्यावर दुसऱ्याने काळा कोट घालून फ्युनरलला यायचं आणि मागच्या रांगेत उभं राहायचं, हे मला नको होतं. माझ्या डोक्यावरचं ते ओझं मला उतरवायचं होतं, खरं सांगायचं तर.

भांडण कशावरून, तर रशियन क्रांतीवरून. हसा खुशाल. नॉटिंगहॅममध्ये कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत ज्यांचं बालपण गेलं नाही, त्यांना हे कळणार नाही.

त्या खोलीत गॅस फायरच्या वर क्रांतीच्या पुढाऱ्यांच्या तसबिरी असायच्या. आई त्यांची नावं घेत नसे. नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, मग नवऱ्याच्या गुरूंचं कशाला घेऊ, असं तिचं म्हणणं. त्यामुळे आमच्या घरात एक होता दाढीवाला, एक मिशीवाला आणि एक चष्मेवाला. दाढीवाला कायम भिंतीवर. मिशीवाला वर्षातून एकदोनदा खाली उतरायचा आणि पुन्हा वर चढायचा, त्या महिन्यात रविवारच्या वर्गात कुणाचं बहुमत आहे त्यावर. चष्मेवाल्याला बाबांनी भिंतीवर कधीच जागा दिली नाही, पण काकांचा तो लाडका होता, म्हणून कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवू दिला होता. कपाटात आईचे पापडांचे डबे होते. पापड काढायला गेलं की तो चष्म्यातून बघायचा.

बाबा आणि काका मुंबईहून साठच्या दशकात एकाच वर्षी आले. तिथे दोघं युनियनच्या ऑफिसात पत्रकं छापायची कामं करत. इथे बाबा सायकलच्या कारखान्यात लागले आणि काका बसवर. येताना बाबांनी ट्रंकेत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त आणली होती. मॉस्कोत छापलेली, मराठीत भाषांतर केलेली, गुळगुळीत जाड कागदाची ती पुस्तकं तेव्हा मुंबईत मातीमोल भावाने मिळायची. त्यांचा वास अजून माझ्या नाकात आहे. मी मराठी वाचायला शिकले ती त्याच पुस्तकांवर, कारण घरात दुसरं मराठी पुस्तक नव्हतं. म्हणजे 'भेंडी' लिहायला यायच्या आधी मला 'भांडवलशाही' लिहिता येत होतं. सात वर्षांची असताना मुंबईला गेले, तर मामीला म्हणाले होते की तुमच्या घरातलं श्रमविभाजन बरोबर नाही. मामी अजून ते सगळ्यांना सांगते.

दर रविवारी अकरा वाजता आमच्याकडे वर्ग भरायचा. अभ्यासवर्ग असं पूर्ण नाव, पण सगळे वर्गच म्हणायचे. दहाबारा मराठी माणसं. कारखान्यातली, बसवरची, हॉस्पिटलमधल्या दोन नर्सेस. आधी एक प्रकरण मोठ्याने वाचायचं, मग चर्चा, आणि चर्चा म्हणजे रणकंदन. क्रांती एका देशात टिकते की सगळ्या जगात व्हावी लागते, यावर बाबा आणि काका असे भांडायचे की शेजारची इंग्लिश म्हातारी भिंत ठोकायची. एकदा प्रकरण होतं स्त्रियांना स्वयंपाकघराच्या गुलामीतून कसं सोडवायचं याबद्दल. बाबांनी ते फार तळमळीने वाचलं. आई तेव्हा आत बारा माणसांचे पोहे परतत होती. काका उठले, आत गेले आणि कांदा चिरायला बसले. बाबा वाचत राहिले.

आणि सगळ्यात शेवटी आत्मटीका. ही प्रथा बाबांनी मुंबईच्या वर्गातून आणली होती. प्रत्येकाने उभं राहायचं, 'कॉम्रेड्स, या आठवड्यात माझं चुकलं ते असं' म्हणायचं आणि एक चूक सांगायची. कुणी फुटबॉलच्या पूल्सवर, त्या सामन्यांच्या जुगारावर, पैसे लावलेले असायचे. कुणी बायकोवर ओरडलेलं असायचं. एका नर्सताईंनी संकष्टीचा उपास धरल्याचं कबूल केलं, तर त्यावर अर्धा तास चर्चा झाली आणि शेवटी साबुदाण्याच्या खिचडीला वर्गाची हरकत नाही असं ठरलं. दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवायचं नाही, फक्त स्वतःचीच सांगायची, हा नियम. सांगून झालं की सगळे मान डोलवायचे, मग चहा.

आठ वर्षं पूर्ण झाली की मुलांनाही परवानगी होती, आणि वर्गात मूल मी एकटीच. मला ती आत्मटीका कोण आवडायची! सगळी मोठी माणसं माझ्याकडे बघतायत, गंभीरपणे ऐकतायत. माझ्याकडे तेवढी पापं नसायची, म्हणून मी आठवडाभर जमवायची. मुद्दाम शाळेतला खडू चोरायचा, म्हणजे रविवारी सांगायला काहीतरी असेल. आई मात्र एकदाही उभी राहिली नाही. मला चहा करायचाय, एवढंच म्हणायची. बाबा तिला त्यावरून टोचायचे. तुझ्यात खरं बोलायची हिंमत नाही, आपल्या मुलीकडून शीक, म्हणायचे. ती हसून सोडून द्यायची.

तेव्हाच सरकारने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहती घरं विकत घ्यायची मुभा दिली होती. आमच्या रस्त्यावर सगळी दारं कौन्सिलने दिलेल्या एकाच निळ्या रंगाची. मग एके दिवशी कोपऱ्यावरच्या घराचं दार लाल झालं. मग आणखी एक पिवळं. दार रंगवलं की समजायचं, घर घेतलं. आई दुकानातून येताना त्या दारांसमोर जरा रेंगाळायची. बाबांना मात्र ती दारं बघून संताप यायचा. त्यांचं म्हणणं साधं होतं. हे घर आपलं नाही, कामगारांचं आहे. आपण उद्या इथून गेलो की रांगेतला पुढचा कामगार इथे येणार. ते विकत घेणं म्हणजे आपण आत शिरून मागच्याच्या तोंडावर दार लावणं. आज मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. माझ्याबरोबरच्या मुली पगाराचा अर्धा भाग एकेका खोलीच्या भाड्यात घालतात आणि कौन्सिलच्या यादीवर वर्षानुवर्षं ताटकळतात. त्यांच्याकडे बघताना मला कबूल करावं लागतं, बाबांचं चुकत नव्हतं. निदान मुद्दा तरी चुकत नव्हता.

त्या आठवड्यात मी शाळेतून काकांकडे गेले होते. काकूने घरी केलेले पेढे काकांनी मला दिले, दुधाच्या पावडरचे, वेलची जास्त झालेले. आपलं घर झालं, म्हणाले, आपलं स्वतःचं. आणि मग जरा थांबून म्हणाले, बाबांना एवढ्यात बोलू नकोस हं, मी योग्य वेळी सांगतो. मी हो म्हटलं आणि दुसरा पेढा उचलला.

त्या रविवारी माझ्याकडे पहिल्यांदाच खरंखुरं पाप होतं. मी उभी राहिले. कॉम्रेड्स, या आठवड्यात माझं चुकलं ते असं, की मी काकांकडे दोन पेढे खाल्ले आणि घरी सांगितलं नाही, कारण काकांनी सांगू नको म्हटलं. नियम मी पाळला होता. मी स्वतःचीच चूक सांगत होते. पेढे कसले, असं कुणीतरी कौतुकाने विचारलं, आणि मी म्हटलं, घराचे.

बाबांनी मला वर जायला सांगितलं. मी जिन्यात बसले, कठड्याच्या दोन गजांमधून डोकं घालून. तिथून मला खोलीतले फक्त पाय दिसत होते. काकांचा आवाज आला, हो, घेतलं. मग बाबा बोलायला लागले आणि थांबेचनात. दाढीवाल्याने काय म्हटलं होतं, क्रांतीला बाहेरच्या शत्रूपेक्षा आतला कसा घातक, कामगाराच्या हातात किल्ली आली की तो मालक कसा होतो. काका मधे एकदाही बोलले नाहीत. जे वर्षानुवर्षं प्रत्येक वाक्याला वाक्य भिडवायचे, ते गप्प. मग हात वर करायला सांगितलं असावं, कारण पाय जरा हलले आणि बाबा म्हणाले, वर्गातून काढायचा ठराव मंजूर.

काका बाहेर आले, पॅसेजमध्ये वाकून बूट घातले, लेस बांधायला त्यांना फार वेळ लागला. मला जिन्यात बघून ते दोन पायऱ्या चढून वर आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तू खरं बोललीस, रडायचं नाही. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत.

मी त्यानंतर आत्मटीका केली नाही. पुढे वर्गही फार टिकला नाही. वर्षा-दोन वर्षांत एकेकाने घरं घेतली, आणि घर घेतलेला माणूस पुढच्या रविवारपासून आपणहून यायचा बंद व्हायचा. मग एका रविवारी अकरा वाजता बाबा एकटेच पुस्तक उघडून बसले होते, आणि आई नेहमीच्या सवयीने मोठी कढई काढून बसली होती. ते दिवस मला अजून आठवतात. भांडणं, धूर, पोह्यांचा वास, जग उद्या बदलणार अशी खात्री असलेली दहाबारा माणसं. तेवढी श्रीमंती मी पुन्हा पाहिली नाही, आणि ती आमच्या फाटक्या सोफ्यावर बसलेली असायची.

पुढे रशियातच सगळं कोसळलं. दाढीवाल्याचे पुतळे दोरखंड बांधून खाली ओढत होते ते बाबांनी टीव्हीवर पाहिलं, खुर्ची पुढे ओढून, चष्मा पुसून पुसून. मग उठून ते पॅसेजमधल्या फोनपाशी गेले. रिसीव्हर उचलला, चार आकडे फिरवले आणि ठेवून दिला. या जगात त्या दिवशी त्यांना ज्याच्याशी बोलावंसं वाटत होतं असा एकच माणूस होता, आणि तो तीन रस्ते सोडून राहत होता. आई मला म्हणाली, जाऊ दे, त्यांना आता काही विचारू नकोस.

आईला जाऊन अकरा वर्षं झाली. त्याच भाड्याच्या घरात गेली, निळ्या दाराच्या. काका दरम्यान ते घर विकून मुलाकडे बेसिंगस्टोकला गेले. माझी मुलगी युनिव्हर्सिटीत इतिहास शिकते. रशियन क्रांती तिच्यासाठी दहा आठवड्यांचं मॉड्यूल आहे. मागे ती आली आणि दाढीवाल्याची तसबीर खोलीत लावायला मागितली. आजोबा, तो खूप कूल दिसतो, असं म्हणाली. मला वाटलं आता भडकणार. पण बाबांनी खुर्चीवर चढायचा प्रयत्न केला, मी ओरडले, मग तिनेच काढली. बाबा तिला म्हणाले की घेऊन जा, पण त्याने लिहिलेलं एकतरी पान वाच. भिंतीवरचा रिकामा चौकोन ते बराच वेळ बघत होते. त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी बेसिंगस्टोकचं काढलं.

शनिवारी सकाळी निघालो. मोटरवेवर एकदा मीच म्हटलं, बाबा, तेव्हा मी बोलायला नको होतं. बाबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं की त्यात तुझं काही नव्हतं, गाडी नीट चालव. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य मला असं मोटरवेवरच्या चहापाण्याच्या थांब्याच्या, सर्व्हिसेसच्या बोर्डाखाली मिळालं, आणि खरं सांगू, माझा विश्वास बसला नाही.

काकांच्या मुलाने दार उघडलं, नमस्कार केला, आणि शहाणा माणूस, आपल्याला शॉपिंग आहे सांगून निघून गेला. काका खिडकीशी खुर्चीत होते. गुडघ्यांवर शाल. बाबांना बघून ते उठायला लागले, बाबांनी हाताने बसवलं आणि समोरच्या सोफ्यावर बसले. मग दोघांनी हवेबद्दल बोलायला सुरुवात केली. बेसिंगस्टोकला वारा फार. नॉटिंगहॅमला ट्राम छान आहे. बाबांच्या गोळ्या किती, काकांच्या किती. चाळीस वर्षांनंतर भेटलेली माणसं ट्रामबद्दल बोलतायत! मला इतका राग आला की मी उठून पाणी आणायला निघाले.

तेवढ्यात बाबा उठले. काठी न घेता उभे राहिले, हात बाजूला सरळ ठेवून. मी पकडायला धावले, तर त्यांनी मला हाताने अडवलं.

"माझं चुकलं ते असं," बाबा म्हणाले. कॉम्रेड्स म्हटलं नाही. "ज्या सकाळी तुला वर्गातून काढलं, त्या सकाळी माझ्या कोटाच्या खिशात तोच फॉर्म होता. घर घ्यायचा. सही करून ठेवलेला. तीन आठवडे घेऊन फिरत होतो, टपालात टाकायचा धीर होत नव्हता. मग ही उठली आणि पेढ्यांचं बोलली. सगळे तुझ्याऐवजी माझ्याकडेच बघतायत असं मला वाटलं. म्हणून मी तेवढा वेळ बोललो."

माझे बाबा. ज्यांनी जन्मभर नाकाने कांदे सोलले, त्यांच्या खिशात फॉर्म.

बाबा पुढे म्हणाले की संध्याकाळी तो फाडला. आईला सांगितलं, की मित्राला काढून मी स्वतःच घर घेतलं तर लोक तोंडात शेण घालतील. तिने फॉर्म कौन्सिलमधून आणला होता, एवढा सगळा भरला होता, पण पुन्हा कधी विषयही काढला नाही.

काका शालीच्या दशा पिळत होते.

"बस आधी," ते म्हणाले. "मला माहीत होतं रे. तो फॉर्म वहिनींनी भरला नव्हता, मी भरला होता. त्यांना ते इंग्लिश जमेना, म्हणून दुपारी आमच्याकडे घेऊन आल्या. माझा आणि तुझा, दोन्ही एकाच टेबलावर बसून भरले. आधी ह्यांचा फॉर्म टपालात पडू दे, मग सांगा, म्हणाल्या. म्हणून तर हिला म्हटलं, पेढ्यांचं एवढ्यात बोलू नको."

बाबा बसले नाहीत. त्यांचा आवाज चढला, अगदी पूर्वीसारखा.

"मग तिथे का नाही बोललास? मी तुला चोर ठरवत होतो. एक वाक्य बोलला असतास तर तू राहिला असतास आणि मी बाहेर गेलो असतो. का नाही बोललास?"

"वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या," काका म्हणाले. "चहाचा ट्रे घेऊन. तुझी पाठ होती तिकडे. मी तोंड उघडायच्या बेतात होतो, तर त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. नको, अशी. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ट्रे तसाच हातात."

बाबा मग खाली बसले. बसले म्हणजे मी बसवलं. तोंडावर हात धरून ते काहीतरी पुटपुटत होते, ते मला दुसऱ्यांदा ऐकू आलं.

"आणि मी तिला मरेपर्यंत म्हणत होतो, तुझ्यात खरं बोलायची हिंमत नाही."

काकांनी खुर्ची पुढे सरकवायचा प्रयत्न केला, ती सरकेना, म्हणून त्यांनी नुसता हात लांब केला. बाबांनी तो धरला. मला रडू आवरेना म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उभी राहून आईला मोठ्याने हाक मारली.